रोहिणीच्या फोटोसाठी मी उभी

१८ नोव्हें., मंगळ.
आज तिसरं केळवण. येताना रिक्षात मृ.ने (मृण्मयी एवढं लांबलचक रोज कोण लिहिणार) हळूच विषय काढला. लग्नाच्या हॉलमध्ये दारापाशी तिला एक फोटो लावायचाय, ती आणि रोहिणी. जुना नाही. रोहिणी आज असती तर जशी दिसली असती तशी, नवरीशेजारी उभी. केतकी म्हणून तिची मैत्रीण आहे, असली चित्रं कॉम्प्युटरवर करते. नळस्टॉपजवळ स्टुडिओ.
म्हटलं, कर की. छान कल्पना आहे.
छान कसली. रोहिणी गेली तेव्हा ही चार वर्षांची. पुढच्या वर्षी मी या घरात आले, तेव्हापासून हिच्या वेण्या, डबे, तापातली जागरणं, सगळं मी. 'आई' हा शब्द आधीच दिलेला होता, म्हणून मी माई. तक्रार नव्हती कधी. निदान असं वाटायचं.

२० नोव्हें., गुरु.
यांना फोटोचं कळल्यावर जेवण अर्धवट टाकून माळ्यावरची पेटी काढली. एरवी नवरेबुवांना स्टूल चढवत नाही. रोहिणीचे इतके फोटो घरात आहेत हे मला माहीत नव्हतं. एकेक माझ्या हातात देत होते. "ही माथेरानची बघ." बघितली. हसते आहे. तिशीतली.
नाशिकहून शैलाने, रोहिणीच्या धाकट्या बहिणीने, स्वतःचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले फोटो पाठवलेत. सख्ख्या बहिणीचा चेहरा वयाबरोबर कसा उतरला ते बघून कॉम्प्युटर रोहिणीचा उतरवणार. मृ. म्हणाली, आम्ही गाड्यांचं करतो तसंच हे. हिंजवडीत हिचं कामच ते, गाडी न आपटता अपघात घडवून बघायचा. खरी मोजमापं जितकी जास्त, तितका निकाल खरा.
माझे फोटो कुणी मागितले नाहीत. का मागतील.

२३ नोव्हें., रवि.
मागितलं. फोटो नाही, मीच.
केतकी घरी आली होती. सभ्य मुलगी, चहा घेतला, कप विसळून ठेवला. तिचं म्हणणं, चेहरा जमेल, पण साडीच्या निऱ्या आणि बोटं नुसती कॉम्प्युटरवर केली की खोटी वाटतात, शेजारी खरं माणूस हवं. त्याच उंचीचं, त्याच बांध्याचं. चेहरा नंतर बदलता येतो.
हे पेपरात. मृ. नखं बघत म्हणाली, "माई, तू राहशील?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणता येतं अशा वेळी.
साडी रोहिणीची, मोरपंखी. इतकी वर्षं डांबरगोळ्यांत. ही साडी मी कधी नेसू का विचारलं नव्हतं आणि नेस असंही कुणी म्हटलं नव्हतं.

२५ नोव्हें., मंगळ.
नववी ब ला आरसे. आभासी प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, असं वीस वर्षं शिकवते आहे. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, मग ती असते की नसते. म्हटलं दिसते, पण प्रकाश तिथे पोचलेला नसतो. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी गुण मिळतील.
ब्लाउज शिवून आला. दंडात घट्ट.

२९ नोव्हें., शनि.
झालं एकदाचं.
आधी अंतरावर उभ्या होतो, दोन पाहुण्या भेटल्यासारख्या. केतकी म्हणाली, काकू, जरा जवळ, आणि मृण्मयी, तू आईला बिलगतेस तशी बिलग. ती बिलगली. गाल माझ्या मानेशी, डोळे मिटलेले. इतकी घट्ट ही शेवटची कधी बिलगली होती आठवेना. मी डोक्यावरून हात फिरवला, आपोआप. केतकी म्हणाली हाच, हाच घेते.
कुणाला बिलगली ते विचारायची हिंमत नाही.
येताना गाडीत ती गाणं गुणगुणत होती. मी खिडकीबाहेर.

२ डिसें., मंगळ.
फोटो आला. मोठा, चौकटीसकट. हॉलवर नेईपर्यंत आमच्याच भिंतीला टेकवलाय.
सुंदर आहे. हेच तर. कानाशी थोडे पांढरे केस, तेसुद्धा शोभून दिसतात. शोभतीलच, निवडून लावलेत. डोळ्यांखाली काळं नाही, हनुवटीखाली लोंबत नाही. जे वय मी गुडघे धरून काढलं ते हिला न जगता मिळालं. मत्सर हाच शब्द. खोडत नाही.
हात मात्र माझे. कुकरच्या झाकणाने भाजलेला डागही आहे, करंगळीखाली. केतकी घालवायचा विसरली.
मृ. रडली. यांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.
शैलाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "अगदी ताई. उभं राहायची ढबसुद्धा तिचीच."
मी तिथेच होते. मृ.ने माझ्याकडे बघितलं आणि पटकन विषय बदलला. हे फोटोकडेच बघत होते. उभी कोण राहिली होती ते यांना माहीत आहे. की ते विसरलेही?

४ डिसें., गुरु.
मधल्या सुट्टीत केतकीचा फोन. शनिवारी अकराला याल का, तीच साडी घेऊन. मला वाटलं काही दुरुस्ती असेल. म्हणाली, "नाही, काकांचा आणि रोहिणीकाकूंचा करायचाय ना, लग्नाला इतकी वर्षं झाली असती तसा. बांधा तोच हवा." मग थबकली. "तुम्हाला माहीत आहे ना, काकू?"
म्हटलं, माहीत आहे.
पुढचा तास नीट शिकवला. फळ्यावरची आकृतीही सरळ आली.

५ डिसें., शुक्र.
दिवसभर वाट पाहिली, हे आपणहून सांगतील म्हणून. मसालेभात की पुलाव यावर बोलले. अक्षता कमी पडतील यावर बोलले. उद्या जरा बाहेर जायचंय म्हणाले. कुठे विचारलं. "असंच, डेक्कनला."
नवी बाई असती तर भांडता आलं असतं. हिच्याशी काय भांडू. माझ्याहून मोठी असूनही ती तिशीतच राहिली, आणि आता पन्नाशीतही माझ्यापेक्षा बरी दिसते.
आमचा दोघांचा एकही फोटो चौकटीत नाही, हे आज झाडताना लक्षात आलं.
मृ.ला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. तिला निघायचे थोडे दिवस राहिलेत.

६ डिसें., शनि.
हे आंघोळीला गेलेत. निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर, स्वतः केली इस्त्री. काल केतकीला विचारलं, काकांना ठाऊक आहे का शेजारी कोण उभं राहणार ते. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, म्हणाली. यांना वाटत असणार माझा मागचाच फोटो वापरतील, यांनी एकट्याने उभं राहायचं, बाकीचं कॉम्प्युटर करेल.
शाळेत जादा तास आहे असं सांगून निघते आहे. साडी पिशवीत. रिक्षा मिळाली की यांच्या आधी पोचेन.
उभी मी राहणार. खांद्यावर हात ठेवायचा की नाही, ते यांनी ठरवावं.