ओढ्यात पडलेले मामंजी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत; तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. (बरे आहेत असंच कळवशील, तरी कळव.) अक्षर थरथरलेलं दिसेल. माझी तब्येत उत्तम आहे, काळजी करू नकोस. कारण शेवटी सांगतो.

बाबा गेले तेव्हा तू फाटकाशी म्हणालीस, "दादा गेला, माझं माहेर संपलं." मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तुझी पिशवी रिक्षात ठेवली. त्यानंतर तू आलीच नाहीस. आज मनात ट्रॅक्टरची ती गोष्ट घोळते आहे. तू ती नेहमी तुझ्या बाजूने सांगतेस. चालवत मी होतो, पण माझी बाजू कोणी विचारली नाही.

त्याला 'मामंजी' हे नाव तूच ठेवलंस, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा. सासऱ्यांसारखाच हाही अंगणात बसून खोकतो आणि चौघांनी ढकलल्याशिवाय उठत नाही, असं म्हणालीस आणि बाबा हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता. म्हणून बाबा तो गोठ्यामागच्या उतारावर चाकाला दगड लावून उभा करत. दगड काढायचा, गडगडत सोडायचा, आणि क्लच सोडला की मामंजी खोकत जागे.

माझी शाळा नुकतीच संपली होती, मिसरूड फुटलं होतं. बाबांनी स्टिअरिंग माझ्या हाती दिलं आणि स्वतः मडगार्डवर बसले. ते स्टिअरिंग इतकं ढिलं, की वळण दिसायच्या आधीच वळायला लागावं लागे. तेही जमलं. ओढ्याजवळ एक शेळी आडवी आली. बाबा शांतपणे म्हणाले, "ब्रेक." मी विचारलं, "कुठला?" (दोन असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. रस्त्यावर दोन्ही खिटीने जोडून ठेवायचे. आमची खिटी गोठ्याच्या दाराला लावलेली होती.) "सापडेल तो!" मला डावा सापडला. मामंजी गर्रकन वळले, शेळीला पाठ दाखवली आणि ओढ्यात उतरून चिखलात बसले. बाबा अजून मडगार्डवरच होते. चष्मा पुसत म्हणाले, "शेळी वाचली."

जाड दोर तुमच्याकडेच होता. दूधवाला तुमच्या गावाकडे निघाला होता, त्याच्याजवळ बाबांनी निरोप दिला: "बहिणीला सांग, मामंजी ओढ्यात पडलेत, दोर घेऊन माणसं पाठव." त्याने तो इमानेइतबारे पोहोचवला, पण तुला नाही, तुझ्या सासूबाईंना. आता 'मामंजी म्हणजे मामंजी नव्हेत' हे तू सासूला कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढे रडत सासूबाई, मागे दोर घेऊन आतोबा, त्यामागे सगळी आळी, आणि सर्वांत शेवटी तोंडाला पदर लावून तू. (तू रडत होतीस असं लोकांना वाटलं.) तुझे सासरे तेव्हा न्हाव्याकडे होते. ओढ्यात कोणीतरी पडलंय एवढंच त्यांनी ऐकलं आणि गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला फेस, अशा थाटात धावत सर्वांच्या पुढे आले. आतोबांच्या हातातून दोर ओढून घेत म्हणाले, "कोण पडलंय?"

"तुम्ही!" सासूबाई किंचाळल्या.

"मी? मग हा दोर कोण धरणार?"

ओढ्यातून बाबांचा आवाज आला, "मामंजी तसे बरे आहेत, फक्त मागचं चाक रुतलंय!"

सासऱ्यांनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा तुझ्याकडे. तुझा संसार आटोपला, असं मला वाटलं. ते चिखलात उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "सूनबाई, याला खोकल्याचं औषध देता की नाही?"

बाबा गेल्यापासून त्यांनी लावलेला दगड तसाच होता. मी रोज त्याला वळसा घालून जात होतो. आज सकाळी तुझी भाचेसून म्हणाली, "आत्यांचं माहेर एकट्या बाबांवर होतं का?" मी गेलो आणि दगड काढला. मामंजी खोकले, पुन्हा खोकले, आणि उतार संपता संपता, मी आशा सोडल्यावर, उठले.

तुझी खोली झाडली आहे. खिडकीची कडी लागत नव्हती, ती आता लागते. सवडीने ये, घाई नाही.

तुझा भाचा

ता. क. घाई आहे. हे पत्र मडगार्डवर ठेवून लिहितोय आणि इंजिन चालू आहे. अक्षराचं कारण तेच. बंद केलं तर पुन्हा उतारावर चढवायला चौघे नाहीत, आणि तुमच्या दारात उतारच नाही. ट्रॉली जोडली आहे, त्यात गादी घातली आहे, ब्रेकची खिटी गोठ्याच्या दारातून काढून जागेवर लावली आहे. पत्रामागोमाग निघतोच. फाटकाशी उभी राहा. पिशवी मी ठेवीन.

आणखी एक ता. क. पत्र त्याच दूधवाल्याबरोबर पाठवतोय. तोंडी काही सांगू नकोस असं त्याला बजावलंय, पण भरवसा नाही. तो दारातून "मामंजी न्यायला आलेत" असं ओरडला, तर घाबरू नकोस. वर गेलेले नव्हेत, माहेरचे.