पाणी घालणाऱ्याचा वाटा

मी, एका रंगाऱ्याची विधवा, वय एकाहत्तर, धंदा मोटारींवरचे ओरखडे काढणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझी जाऊ तो मागणारच. फुफ्फुसे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला ती लागत नाहीत असे वकील म्हणतात. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहावा.

१. वर्कशॉप, त्यामागची राहती खोली, यंत्रे आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिचा हात चांगला आहे, पण तिला घाई असते, म्हणून पुन्हा एकदा लिहिते. ओरखड्यावरून आडवे नख फिरवावे. अडकले नाही तर नुसत्या पॉलिशने भागते. अडकले आणि आत पत्रा दिसला, तर आधी रंग भरावा, पुरता वाळू द्यावा, मगच घासायचा वॉटर पेपर हातात घ्यावा. पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासावे, बोटांनी घासल्यास खळगे पडतात. साबणाचे पाणी सतत हवे. पाणी थांबले की एखादा कण पेपरखाली सापडतो आणि होता त्याहून वाईट करून ठेवतो. आधी जाडा पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. सगळा भाग दुधी काचेसारखा मंद दिसू लागला की गिऱ्हाईक घाबरते. आपण घाबरू नये. पॉलिशचे कंपाउंड लावून मशीन फिरवले की चकाकी परत येते. कडांना टेप लावावा, तिथे रंग पातळ असतो आणि लगेच जळतो.

२. माझे यजमान स्प्रे मारत. त्यानंतरचे घासणे आणि पॉलिश माझे. गिऱ्हाइके यजमानांच्या पाठीवर थाप मारत आणि यजमान ती घेत. "हे हिचे काम" असे त्यांच्या तोंडून एकदाही निघाले नाही. भिंतीवरचा त्यांचा फोटो ज्याला हवा त्याने न्यावा. चौकट चांगली आहे, ती ठेवून घ्यावी.

३. आता माझे धाकटे दीर. यजमान हॉस्पिटलात नळ्यांत गुंडाळलेले असताना दिरांनी त्यांचे जुने वर्कशॉप आपल्या नावावर करणाऱ्या कागदावर त्यांची सही करून घेतली. यजमान गेले त्याच आठवड्यात मी नेहमीसारखी सकाळी डबा घेऊन कामावर गेले, तर कुलूप नवीन होते. दार आतून उघडून दीर म्हणाले, "वहिनी, दादा गेला. आता तुमचं इथं काय काम?"

मी म्हटले, "कालपर्यंत होतं तेच."

तेव्हा ते दोन गिऱ्हाइकांकडे पाहून हसले. "काम दादा करायचा. तुम्ही नुसतं पाणी घालायचात."

मुलगी तेव्हा माझ्या कमरेएवढी होती. तिने हे ऐकले. मी तिला घेऊन रस्ता ओलांडला आणि समोरचा रिकामा गाळा भाड्याने मिळतो का ते विचारले.

पुढचे अवघड नव्हते. दिरांना घाई होती आणि पाणी घालायला कोणी नव्हते. कडा जळालेल्या मोटारी त्यांच्या दारातून निघून माझ्या दारात येऊ लागल्या. प्रत्येक मालकाला मी बाहेर उन्हात उभे करून खराबी दाखवत असे, आवाज समोर पोचेल इतपत. शेवटी त्यांची पाटी उतरली आणि भाड्याचा गाळा मी विकत घेतला. काही महिन्यांनी ते आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. "वहिनी, पडेल ते काम द्या."

"भावजी, पाणी घालता येईल?"

"येईल."

तेव्हापासून ते दाराबाहेर स्टुलावर बसून बादल्या भरतात. मुलगी परवा म्हणाली, "आई, काकांना आता आत तरी बसू दे. ऊन लागतं त्यांना." मी म्हटले, "बादल्यांनाही लागतं. पाणी कोमट राहतं."

४. गेल्या वर्षी मी तपासणीसाठी हॉस्पिटलात होते आणि मुलगी माझ्याबरोबर होती. एका बाईंना गाडी तातडीने हवी होती. काळ्या रंगाचे दार, पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा. काळ्यावर काहीच लपत नाही. दिरांनी कोणाला न विचारता ते दार केले. मी परतले तेव्हा ते दाराशेजारी बादली धरून उभे होते. मी नख फिरवले. कुठेच अडकले नाही. बाजूने दिवा धरून पाहिले, वाकून पाहिले. बाई आल्या, त्यांनी माझे हात हातात घेतले, आभार मानले. मी घेतले.

त्या गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, एकदा तरी म्हणा."

"काय?"

"बरं झालंय म्हणून."

मी म्हटले, "भावजी, पाणी बदला. गढूळ झालंय."

मृत्युपत्रात खोटे लिहू नये, म्हणून नोंदवते, की तसे दार मला कधी जमले नाही आणि यजमानांनाही जमले नसते. हा मजकूर मुलीने वाचावा आणि दिरांना कधीही सांगू नये. सांगितल्यास, किंवा त्यांना एकाही गाडीला हात लावू दिल्यास, वर्कशॉप शेजारच्या टायरवाल्याला तो म्हणेल त्या किमतीत विकावे. लक्ष वकील ठेवतील. मुलगी रडेल हे मला ठाऊक आहे. रडून झाल्यावर कडांना टेप लावावा.

५. माझी पांढरी गाडी जावेला, म्हणजे याच दिरांच्या बायकोला. मी समोरचा गाळा भाड्याने घेतला त्या सुमारास तिने किल्लीने या गाडीच्या पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत रेघ ओढली होती. मी ती मुद्दाम ठेवली. गिऱ्हाइकांना सांगत असे, "ही आमच्या जाऊबाईंची सही." गाडी तिच्या दारात उभी करावी, रेघ रस्त्याच्या बाजूला. आमच्या वर्कशॉपात ती दुरुस्तीला घेऊ नये.

६. माझ्या मागे कोणी भाषण करू नये. दिरांनी तर नाहीच.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच आहे, आणि खाली सही माझ्याच हाताची आहे.

स्थळ: वर्कशॉपमागची खोली.
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तीच.

साक्षीदार पहिला: शेजारचा डेंटर, पत्र्याचे पोचे काढणारा. सही केली.

साक्षीदार दुसरा: माझे धाकटे दीर. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते आणि त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे वकिलांनी मला समजावले, म्हणूनच त्यांना आत बोलावले. त्यांनी विचारले, "वहिनी, माझ्याविषयी काही लिहिलंय का?" मी म्हटले, "लिहिलंय." त्यांचा चेहरा उजळला. हात शर्टाला पुसून त्यांनी सही केली.