नीरांजनाभोवतीचे कडे

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, १ मार्च १९९८

चि. गंगव्वा हिस बसलिंगाप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मुलाने, श्रीशैलने छापलेले पत्रक मिळाले. महाशिवरात्रीस इष्टलिंगपूजेच्या वेळी नीरांजनाभोवती सप्तरंगी तेजोवलय प्रकटले व उपस्थित सर्वांनी ते पाहिले, असे तो लिहितो. हे असत्य आहे. तुझ्याच पत्राप्रमाणे कडे प्रथम दिसले ते नऊ फेब्रुवारीस, आणि सूनबाई दानेश्वरी कळवते की ते तुझ्यावाचून कोणालाही दिसले नाही. शिवाय तेच कडे तुला दूध डेअरीच्या दिव्याभोवतीही दिसले आणि उजवा डोळा ठणकून वांती झाली, हे पत्रकात का नाही?

मी येथील नेत्रवैद्यांना विचारले. डोळ्यातला दाब वाढला की बुबुळाला सूज येते आणि त्यातून पाहताना दिव्याभोवती रंग फाकतात. रोगाचे नाव काचबिंदू. गेलेली दृष्टी परत येत नाही. माझे भांडण शिवाशी नाही, श्रीशैलच्या पुराव्याशी आहे. तू तत्काळ निघ.

माझ्यावरचा राग टपालाने कळव. लोभ मात्र समक्ष येऊन दे.

तुझा अण्णा,
बसलिंगाप्पा

गडहिंग्लज, ५ मार्च १९९८

ती. अण्णास गंगव्वाचे शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

व्हय, मी एकटीनंच बघितलं. श्रीशैलला मी झाडलाय. पण अण्णा, चाळीस वर्सं डाव्या हातावर लिंग धरून बसलो, कधी काय दिसलं न्हाय. आता दिसलं तर तू म्हणतोस रोग! औषध केल्यावर ते कडं जाणार की रं. मग मी कशाकडं बघू?

आणि तुझ्या डोळ्याचं काय? तुझ्या पत्रातल्या ओळींची शेवटली अक्षरं कागदाबाहेर जात्यात. ती तुझ्या टेबलावर असतील, पुसून घे. तुझ्या रुद्रेशच्या लग्नात बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या तू लाथाडलास आणि वर वाढप्यावरच वरडलास. मी येतो, पण आधी तू डोळं तपासायच्या यंत्राफुडं बसायचं. न्हायतर मी तशीच माघारी.

म्हातारीवर माया हाय तेवढीच ऱ्हाऊ दे.

गंगव्वा

कोल्हापूर, १८ मार्च १९९८

चि. गंगव्वा हिस अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप घरी पोहोचल्याचे कळले. लेसरने तुझी दृष्टी वाचली आणि कडे गेले. मी म्हटले तेच झाले.

तुझ्या हट्टाखातर मी यंत्रापुढे बसलो, केवळ तुला बसवण्यासाठी. डॉक्टरांनी तुझ्यापेक्षा मलाच अधिक वेळ तपासले, हे तू पाहिलेस. ते काय म्हणाले, ते तुला त्या दिवशी सांगवले नाही. मलाही काचबिंदूच आहे, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीच्या कडा विझल्या आहेत. ठणका नाही, कडे नाही, काही नाही. उरलेली दृष्टी रोजच्या थेंबांनी टिकेल. आणखी वर्षभराने आलो असतो तर टिकवण्यासारखे फारसे उरले नसते. असा रोगी आपणहून येत नाही, तुम्हाला कोणी पाठवले, असे त्यांनी विचारले. बहिणीने, एवढेच म्हणालो.

एस. टी. त चढताना तू विचारलेस की ते कडे तुझ्यासाठी होते की माझ्यासाठी. बुबुळाची सूज मी समजावू शकतो. ती तुला कोल्हापुरास आणि मला त्या यंत्रापुढे का घेऊन गेली, हे मला समजावता येत नाही.

परवा मी लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसलो. कडे दिसले नाही. ज्योत दिसली, लिंग दिसले, तळहाताच्या रेषा दिसल्या. इतके दिसत असते, हे मी आजवर पाहिलेच नव्हते.

उत्तर सवडीने दे, पण अक्षर मोठे काढ. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा अण्णा,
बसलिंगाप्पा

ता. क. श्रीशैल दुसरे पत्रक काढणारच असेल, तर दिनांक असे छापावेत:

सोमवार, ९ फेब्रुवारी: कडे प्रथम दिसले, गंगव्वा एकटीला.
बुधवार, २५ फेब्रुवारी, महाशिवरात्र: पुन्हा दिसले, तेव्हाही तिलाच.
बुधवार, ११ मार्च: तपासणी. रोगी दोन, एक नव्हे.
गुरुवार, १२ मार्च: गंगव्वेवर उपचार, कडे नाहीसे.
सोमवार, १६ मार्च: बसलिंगाप्पाची इष्टलिंगपूजा, एकतीस वर्षांनंतर.