पेट्रोलच्या कराचं भांडण

प्रिय लुवर्न,

दीड वर्षात तुला एक फोन केला नाही आणि आता एकदम पत्र. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, हे एक कारण. शिवाय जे सांगायचंय ते तोंडाने माझ्याच्यानं होणार नाही. रागावली असशील तर रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

इकडे यंदा बर्फ हटता हटेना. परसातला रूबार्ब आत्ता कुठे जमिनीबाहेर डोकं काढतोय. चर्चच्या तळघरातलं जेवण आता आर्डिसची सून बघते, बटाटे-खिम्याच्या हॉटडिशमध्ये मीठ घालायला विसरते आणि वर विचारते, "कसं झालंय?" हेरॉन नदीच्या पुलाचं काम मात्र खरंच सुरू झालंय. जुना सांगाडा काढला, नवे खांब उभे राहतायत. तुझी बस आता आठवड्यातून दोनच दिवस धावते आणि तीही तू स्वतः चालवतेस, असं ऐकलं. या दोन्ही गोष्टी एकाच मतदानातून आल्या. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

त्या उन्हाळ्यात आमच्या ऑर्लिनने पहिल्यांदा मला ते कलम वाचून दाखवलं, तेव्हा मी भांडी धूत होते. पेट्रोलवरच्या करातून आणि गाड्यांच्या नोंदणीतून येणारा पैसा फक्त रस्त्यांवर आणि पुलांवरच खर्च करायचा, असं लोकांचं मत घेऊन राज्याच्या घटनेतच लिहून ठेवायचं. त्याचं मन त्यात का गुंतलं होतं, ते तुला सांगायला नको. काउंटीचे रस्ते सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. राजधानीतल्या लोकांनी रस्त्यांचा पैसा दोनदा दुसरी भोकं बुजवायला नेला, आणि त्याला स्वतःच्या हाताने हेरॉनचा पूल बंद करावा लागला. त्याच हिवाळ्यात ब्रेके कुटुंबाचं कोठार पेटलं. बंब खालच्या रस्त्याने वळसा घालून पोचला तेव्हा गाई मेल्या होत्या. ऑर्लिन घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसून राहिला. त्यामुळे त्याने त्या कलमाचा झेंडा उचलला याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्या बाजूने तू उभी राहिलीस याचं.

पहिली सभा शाळेच्या जिममध्ये झाली. मी कॉफीच्या टेबलामागे होते. ऑर्लिन म्हणाला, "साधा कायदा केला तर पुढचं सरकार तो मोडेल. घटनेत लिहिलं तर मोडता येणार नाही." तू उभी राहिलीस, तुझा तो हिरवा कोट अंगावरच होता. म्हणालीस, "ऑर्लिन, रस्ता कशासाठी असतो रे? माणसांनी जाण्यासाठी ना? मग डोळे गेलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणारी माझी बस त्यात का बसत नाही?" तो म्हणाला, "आज तुझी बस बसवली, की उद्या कुणीतरी तुरुंग बसवील." तू म्हणालीस, "आणि उद्या पूर आला, रोगराई आली, तर स्वतःचेच हात बांधून बसायचं होय? घटना माणसाचे हक्क राखायला असते. तुझ्या डांबराची पिंपं राखायला नव्हे." लोक हसले. ऑर्लिनही हसला. मान मागे टाकून, अगदी घशातून. लुवर्न, ते हसू मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं, हे तुला कसं ठाऊक असणार?

त्यानंतर सगळा पानगळीचा मोसम तुम्ही दोघं गावोगाव फिरलात. शेतकऱ्यांचा ग्रेंज हॉल, माजी सैनिकांचा क्लब, शुक्रवारची माशांची मेजवानी. लोक मुद्दाम यायचे. सभेच्या दिवशी ऑर्लिन दुपारीच दाढी करायचा. निळा शर्ट इस्त्री करून मागायचा. मोटारीत काय बोलायचं ते पुटपुटायचा. जेवताना काटा हवेत धरून थांबायचा आणि म्हणायचा, "याच्यावर लुवर्न काय म्हणेल?" मी म्हणायचे, "तुझंच बरोबर आहे." त्यावर तो चिडायचा. "तू काय, कशालाही हो म्हणतेस. तिच्यासारखं मला अडव ना कुठेतरी." मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "बसवाल्यांचंही खरं आहे की." त्याने विचारलं, "कसं काय खरं?" मला पुढे काही सुचेना. त्याने माझ्या हातावर थोपटलं आणि वाटाणे वाढून घेतले. त्या थोपटण्याचा मला जेवढा राग आला, तेवढा आमच्या कुठल्याही भांडणात आला नसता. भांडणं आमची व्हायचीच नाहीत म्हणा.

तुमच्यात काही होतं असं मला एक क्षणही वाटलं नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे तू नको तिथे दुखावणार नाहीस. तसं काही असतं तर मला सोपं गेलं असतं; तुझ्या दारात येऊन चार शिव्या देऊन गेले असते. पण त्याने तुला त्याच्या डोक्यातली ती जागा दिली, जिथे मला कधी बोलावलंच नव्हतं. माझ्या लग्नात माझ्या शेजारी फुलं धरून उभी राहिलेली तू. शाळेत गणिताच्या बाईंशी वाद घालायचीस तेव्हा मी तुझ्या मागे बसून खूश व्हायचे, की माझी मैत्रीण आहे. आता तोच आवाज ऐकला की मी उगाच कप पुसायला लागायचे. क्लबमधल्या सभेनंतर वेंडेल काउंटरवरून मोठ्याने म्हणाला, "मर्ना, हे दोघं नवराबायकोसारखे भांडतात बघ." सगळे हसले, तूही हसलीस. मी कॉफीचं भांडं उचललं आणि आत जाऊन बराच वेळ तेच ते विसळत राहिले. त्यानंतर मी तुझे फोन घेतले नाहीत. तुला वाटलं मतदानावरून. वाटू दिलं.

मतदानात ऑर्लिनची बाजू जिंकली. त्या रात्री लोक आमच्या घरी आले, मी भाजलेला ॲपल-पाय खाल्ला, त्याच्या पाठीवर थापा मारल्या. सगळे गेल्यावर मला वाटलं, चला, संपलं, आता हा माझा. पण तो गप्प झाला. दाढी दोन-दोन दिवस करीना. पेपर वाचायचा, घडी घालायचा, खिडकीतून रस्त्याकडे बघायचा. एकदा तुझ्या बसच्या फेऱ्या कमी झाल्याची बातमी आली. मी विचारलं, "वाईट वाटतं का?" म्हणाला, "पूल महत्त्वाचा होता." मग म्हणाला, "ती काय म्हणाली असती ते मला माहीत आहे." आणि उठून गॅरेजमध्ये गेला. तू त्या घरात नसताना होतीस, लुवर्न, आणि मी असताना नव्हते.

आता जे गावात कुणाला धड सांगितलेलं नाही, ते सांगते. फेब्रुवारीत त्याला पक्षाघात झाला. लोकांना मी "थोडा अशक्तपणा आहे" इतकंच म्हणते. उजवा हात बराच परत आला, काठी घेऊन चालतो. पण बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द सापडत नाहीत. बोलायला शिकवायला शहरातून एक मुलगी येते, चांगली आहे बिचारी. त्याच्यासमोर चित्रं धरते. चमचा. कुत्रा. घर. ज्याने या काउंटीतले सगळे पूल उभे केले, त्याला विचारते, "सांगा बघू, हे काय?" तो तोंड फिरवतो. काहीही विचारलं तरी "हो" म्हणतो. सूप हवं का, हो. नको का, हो. मी बाथरूमचा नळ सोडून रडते, म्हणजे त्याला ऐकू जात नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी त्याला ओटमील भरवत होते. रेडिओवर तुझी मुलाखत लागली. मी बंद करायला उठले, तर त्याने माझं मनगट धरलं. तू सांगत होतीस की बस रस्त्यावरूनच धावते, तेव्हा कलमातल्या "रस्ते" या शब्दात ती आपोआप येते, आणि हे कोर्टात न्यायला तू तयार आहेस. ऑर्लिनचा चेहरा लाल झाला. ओठ हलायला लागले. आणि तो म्हणाला, "चूक." स्वच्छ. मग म्हणाला, "तसं... नाही... लुवर्न." माझ्याकडे नव्हे, रेडिओकडे बघत. तीन महिन्यांत माझं नाव त्याच्या तोंडून आलेलं नाही. मी पोर्चवर जाऊन उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी झालं, आणि ते काय हे तुला आता कळलं असेल. थोड्या वेळाने आत गेले तर तो रेडिओकडे बोट दाखवून, घाम येईपर्यंत, कसलातरी मुद्दा मांडत होता. मी कधी पाहिलं नव्हतं कुणाला एका शब्दासाठी इतकं झगडताना.

म्हणून लिहिते आहे. तू ये. गुरुवारी तुझी बस नसते, तेव्हा ये. सूप आणू नकोस, कीव आणू नकोस, हळू आवाजात बोलू नकोस. समोरच्या खुर्चीत बस आणि त्याचं ते कलम कसं मूर्खपणाचं आहे ते त्याला सांग. तो अडखळेल, शब्दाला वेळ लावील. तू मध्ये त्याचा शब्द पुरवू नकोस, तो शोधू दे. मी तिथेच टेबलाशी बसणार आहे, कारण माझ्या घरात माझ्या नवऱ्याचा आवाज परत येताना मला तो ऐकायचाय, तुझ्याशी भांडताना का होईना. जळेन मी. जळू दे मला, तू लक्ष देऊ नकोस. फक्त एक सांभाळ. त्याची दया येऊन त्याला जिंकू देऊ नकोस. जिंकला की तो गप्प होतो.

वाट बघणारी, अजूनही तुझीच,
मर्ना