सिमेंटच्या घराला झडी नको

मेढा, २ मे १९७४

पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा आज पुरा. सिमेंटचा. आळीत पहिला. भिंत आतून कच्च्या विटांची आणि मातीची, पण ते आता कुणाला दिसतंय. शेवटचा हात मारून झाल्यावर जैनुद्दीन मिस्त्रीने तोंड उघडलं. म्हणे, हवालदार, मातीच्या भितीला मातीचाच गिलावा बरा, सिमेंट तिला धरत न्हाई. काम झाल्यावर ही अक्कल. फौजेच्या स्टोअरमध्ये सतरा वर्षं सिमेंट मी सांभाळलं आणि हा मला शिकवतो.

विजयमाला म्हणते, त्यांनी आधी दोनदा सांगितलं होतं. मला आठवत नाही. बायकोने नवऱ्याची बाजू घ्यावी एवढी साधी गोष्ट या घरात होत नाही.

३ मे, सकाळी ६

मिस्त्री सांगून गेला, दहा दिवस भिंतीवर पाणी मारा. दहा दिवस हा सिव्हिलियन हिशोब झाला. मी एकवीस दिवस मारणार. दिवसातून तीनदा, टायमावर.

११ मे

ऊन भयंकर. तीनाचं पाच वेळा केलं. आड तळाला गेला म्हणून विजयमालेची कटकट. प्यायला तरी ठेवा म्हणते. सिमेंट पाणी पिऊन पक्कं होतं, त्याला क्युरिंग म्हणतात, हे हिला सात जन्मात कळायचं नाही.

२४ मे

क्युरिंग संपलं. आजच बाहेरून ऑइल पेंट, दोन हात, हिरवा. मिस्त्री रस्त्याने जाताना थांबला. म्हणे, आवं, भित वाळू द्या की, आतलं पाणी कुठनं निघंल. त्याला विचारलं, पाणी आत जाणारच नसेल तर निघायचा प्रश्न येतो कुठे. डोकं खाजवत निघून गेला. लॉजिकपुढे माणूस पळतोच.

६ जून

टाळकं सटकलं आहे. या गावात पावसाच्या तोंडाला जो तो पश्चिमेच्या भिंतीला बांबू-गवताचे पडदे उभे करतो. झडी म्हणतात. घराला गोणपाट पांघरल्यासारखं ध्यान दिसतं. शेजारच्या राहीबाईने सत्तरीत स्वतः बांधल्या, वर आमच्यासाठी दोन भारे गवत काढून ठेवलं. विजयमाला ते आणायला निघाली होती. मी अडवली. सिमेंटच्या घराला झडी म्हणजे रेनकोटवाल्याला छत्री. गवत नको म्हणून सांगून आलो. राहीबाई म्हणाली, लय शाना हाय बाबा. मी थँक्यू म्हटलं.

२९ जून

चौथा दिवस, उघडीप नाही. भिंत फर्स्ट क्लास. आतून कोपऱ्यात हातभर डाग आहे. तो जुना असावा.

८ जुलै

डाग जुना नाही. खिडकीपर्यंत आला. चूक वाऱ्याची आहे. पाऊस वरून पडला पाहिजे, हा आडवा येतो. असल्या पावसाला कुठलंही सिमेंट काय करणार.

विजयमालेचा दमा उठला. चार वर्षं नव्हता. मी म्हटलं, चुलीच्या धुराने असेल. तिने अंथरूण भिंतीपासून लांब ओढलं.

१९ जुलै

विजयमाला सांगलीला लेकीकडे गेली. तिकडे हवा कोरडी. एसटीत बसताना म्हणाली, भित वाळली की कळवा, मी येते. म्हणजे नवऱ्यापेक्षा भिंत मोठी. जा म्हटलं. माझं काही अडत नाही. भाकरी मला येते.

२० जुलै

भाकरी येत नाही. पीठ खराब आहे.

२ ऑगस्ट

सांगलीला पत्र टाकलं. भिंत नव्वद टक्के कोरडी, असं कळवलं. उरलेले दहा टक्के आठवड्यात. डागावर माझा युनिफॉर्म टांगला आहे, म्हणजे उगाच नजर जात नाही.

११ ऑगस्ट

युनिफॉर्मला बुरशी. सतरा वर्षं बर्फात राहिला, काही झालं नाही. मेढ्यात नऊ दिवसांत मातेरं. गावच दळभद्री.

जेवायला राहीबाईकडे. जेवायला म्हणजे तिच्या झडींची पाहणी करायला. आतून हात लावून पाहिला, भिंत कोरडी ठणठणीत निघाली. नशीब एकेकाचं. तिथे दोन तास बसलो. चुलीजवळ ऊब होती.

२५ ऑगस्ट

खोलीत कोळशाची शेगडी पेटवली. ओल मारून काढायचीच. दिवसभर खोलीत वाफ. संध्याकाळी बाहेर जाऊन पाहिलं तर पेंटला लिंबाएवढे फुगे. एक फोडला. आतून पाणी आलं, मनगटावरून कोपरापर्यंत. पेंटच्या दुकानदाराला जाऊन चार शब्द सुनावले. तो म्हणतो, वल्या भितीला कुनी सांगितला हो ऑइल पेंट. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच.

८ ऑक्टोबर

ऊन पडलं. शेवटी माझंच खरं. मात्र उन्हाने तडे गेले आहेत, आढ्यापासून जोत्यापर्यंत तीन. तडे म्हणजे भिंत वाळल्याचं लक्षण. मिस्त्री न बोलावता आला आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवत फिरला. म्हणे पोकळ बोलतीया, सुटलाय सगळा गिलावा, समदा काढा, दोन महिने उघडी ठेवा. मी त्याला फाटकाबाहेर काढला. आवाज पोकळ नाही, भारदस्त आहे.

२१ ऑक्टोबर

विजयमालेचं पत्र. तब्येत बरी. खरंच वाळली का, तुम्ही लिहाल तर मी दिवाळीला येते. इकडे मला घर नुसतं अंगावर येतं आहे. तीन महिने झाले, कपाट उघडलं की तिच्या पातळाचा वास यायचा, आता तिथेही कुबट वास येतो. याचा भयंकर राग आला. उत्तर लगेच टाकलं. घर खडखडीत कोरडं. ये.

९ नोव्हेंबर

आतून चुन्याचे तीन हात दिले. डाग गायब. उदबत्तीचे दोन पुडे लावले. कोण म्हणेल ओल आहे.

१० नोव्हेंबर

आली. हसत आली. फराळाचा डबा, माझ्यासाठी सांगलीचे बेदाणे. घरात शिरली, पिशवी न ठेवता भिंतीला तळहात लावला. हात पांढरा आणि ओला झाला. पदराला पुसला आणि स्वयंपाकाला लागली.

११ नोव्हेंबर

सकाळपासून तिचा श्वास शिट्टीसारखा वाजतो आहे. ओट्यावर गुडघे धरून बसली. राहीबाईने शेक दिला. हवा बदलली म्हणून असेल, असं मी म्हणत होतो. राहीबाई म्हणाली, तू आता गप बस.

१२ नोव्हेंबर

सकाळच्या एसटीने परत गेली. दिवाळी तोंडावर. भांडली असती तर मी चार उत्तरं दिली असती, सगळी तयार होती. एवढंच म्हणाली, तुमी लिवलं म्हणून आले. एसटीच्या खिडकीतून बेदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली. तिच्या पिशवीत चुकून राहिली होती.

१८ नोव्हेंबर

हातोडा घेतला. एकेक खपली काढत आठवडा जाईल असा अंदाज. पहिल्या टोल्याला काही नाही. दुसऱ्याला भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा अर्धा गिलावा एकदम खाली आला, हिरव्या रंगासकट. मी बाजूला झालो म्हणून वाचलो. मागची माती अजून ओली. बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. भयंकर राग आला. या वेळी कुणाचा ते लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर

सांगलीला पोस्टकार्ड लिहिलं. चार कार्डं फाडली. पाचव्यावर एवढंच आलं: भिंत ओली आहे. जूनपासून ओलीच होती. मला माहीत होतं. जैनुद्दीनला बोलावलं आहे. तू ये म्हणत नाही.

पेटीत टाकायला निघालो तर राहीबाई ओट्यावर. काय लिवलंस रं, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, इकडे सगळं ठीक आहे एवढंच.