उलट्या खांद्यावरची गाठ

ता. ४ डिसेंबर १९१३, कॅसलरॉक

नाहीच जमलं! केशरसारखं लुगडं नेसणं किती सोपं वाटायचं. रानातल्या कुणबी वाडीवरून ती जळण घेऊन येते, तेव्हा माझे डोळे तिच्या उजव्या खांद्यावरच्या गाठीवरच — चोळी नाही, दंड उघडे, आणि ती एक घट्ट गाठ. आज म्हटलं, "शिकव मला." हे स्टेशनात कामावर होते. तिच्यासमोर उभी राहून ती करेल तसं करत गेले आणि गाठ आली डाव्या खांद्यावर! केशर हसून हसून खाली बसली. "बाय, तुजी उलटी! आमच्यात अशी कोण बांधत न्हाई."

मग सोडायला पुढे आली. तिची बोटं खांद्याला लागली, तिथेच राहिली. मीही हलले नाही.

ता. ९

रोज दुपारी नेसते. रोज उलटीच बांधते — आता मुद्दाम, तिने सोडायला यावं म्हणून. बेळगावात शाळा शिकले, लग्न झालं, पण कुणाची अशी वाट पाहिली नव्हती. केशर मला आवडते. बाईला नवरा आवडावा, तशी. लिहिलं खरं!

ता. १४

मेले मी! स्टेशनमास्तरांच्या विमलवहिनी विरजण मागायला आल्या, त्या थेट आतच. मी त्या वेषात, केशरचा हात माझ्या खांद्यावर. "अगं बाई, हे काय?"

आणि मी काय बोलावं! "हिनेच बळजबरीने नेसवलं, वहिनी. निर्लज्ज आहे मेली."

केशर तिथेच उभी होती. परसात टाकलेली मोळी पुन्हा डोक्यावर घेतली आणि निघून गेली.

ता. १५

ह्यांना कळलं. "ती बाई पुन्हा दारात दिसता कामा नये." मी "बरं" म्हटलं.

ता. २०

बळजबरी म्हणे! मीच तिला हाताला धरून आत नेत होते. विहिरीवर वहिनी सगळ्यांना रंगवून सांगतात, आणि मी मान डोलावते. मान डोलावते! लाज वाटते स्वतःची. आरशात तोंड बघवत नाही.

ता. २८

फलाटावर केशर दिसली. वाडीवरच्या बायका तिला चिडवत होत्या — "अगो, उलटी बांधलीस गो!" तिची गाठ डाव्या खांद्यावर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींशेजारी उभी होते, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून.