बाणाला बोट लावा

गुरुवार, दिवेलागणीनंतर

आज सुनंदाचा आवाज घरी आणला. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. बालवाडीच्या मुलांसाठी आम्ही दोघांनी संगणकावर हलत्या चित्रांची चिमणीची गोष्ट केली होती. चित्रं माझी, आवाज तिचा. ती फाईल आता कुठंच उघडत नाही.

कराडला संगणकाच्या दुकानात दत्ता दुपारभर खटपट करत होता. "गुरुजी, चित्र सगळं जाणार बघा. आवाज तेवढा निघंल. तुमच्या त्या म्हाताऱ्या रेडिओला आवाजाची जुनी वेव्ह फाईलच लागती."

"चिमणी जाऊ दे रं. आवाज काढ."

म्हणालो खरं. पण चिमणीचे पंख कसे काढले होते मी? परतताना एसटीत आठवून पाहिलं, आठवेना.

घरी दिवा लावला, हात जोडले, मग दत्तानं भरून दिलेलं कार्ड रेडिओत घातलं. आधी बांगड्या वाजल्या. मग ती: "चिमणी घरट्यातून डोकावली. आता बाणाला बोट लावा."

आणि गप्प. मुलांनी पडद्यावरच्या बाणाला बोट लावेपर्यंत ती अशीच थांबायची. दत्तानं आवाजाचे तुकडे जोडताना तेवढी शांत जागा राखली होती. पण आता बाण कुठला?

"थांबली का रं ती?" आईनं विचारलं.

"बोट लावायचं असतं, आई."

आईनं रेडिओवर बोट टेकवलं. बांगड्या वाजल्या. "उडाली बघा!"

आई हसली. "लय गुणाची हाय माजी सून."

हाय म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. पुढच्या बाणाला मीच बोट लावलं.